विजेच्या फोटोतली स्वसाम्यता मोजायची कशी

विजेचा फोटो झूम करत गेलं की मोठ्या फांदीला लहान फांदी, तिला अजून लहान, तुकडा कापून दिला तर तो केवढ्या विजेचा हे ओळखता येत नाही, यालाच स्वसाम्यता म्हणायचं आणि ती चक्क मोजता येते.

फोटो नेटवरून घ्या, कडाडत असताना बाहेर उभं राहून काढायला जाऊ नका. घरी हाय व्होल्टेजने लाकडावर आकृत्या जाळण्याचे व्हिडिओ फिरतात ते तर अजिबात नको, त्यात माणसं मेलीयेत.

इमेजजे हे फोटो मोजायचं सॉफ्टवेअर फ्री आहे. फोटो ब्लॅक अँड व्हाइट करा, मग अ‍ॅनालाइझमधे टूल्स, तिथे फ्रॅक्टल बॉक्स काउंट. फोटोवर 64 पिक्सेलच्या चौकटी पाडायच्या, मग 32, 16, 8, आणि दर वेळी किती चौकटीत वीज आली ते मोजायचं, बास. चौकट निम्मी केली की साध्या रेषेचा आकडा दुप्पट होतो (तिची मिती 1), भरीव डागाचा चौपट (मिती 2), फांद्यांची मिती या दोन्हींच्या मधे येते. निमायर, पिएत्रोनेरो आणि वीसमन यांनी 1984 मधे काचेवरच्या डिस्चार्जची (विजेच्या ठिणगीच्या फांद्यांची) मिती सुमारे 1.7 दाखवली, म्हणजे दर वेळी साधारण सव्वातीन पट.

आता खरी मेख. चौकट विजेच्या जाडीपेक्षा लहान झाली की आकडा चौपटच होत जातो, आणि खूप मोठी असेल तर सगळ्याच चौकटी भरतात, तिथेही चौपटच. म्हणून चौकटीचा आकार आणि आकडा यांचा लॉग-लॉग ग्राफ (दोन्हींचे लॉगरिदम घेऊन) काढा आणि फक्त मधला सरळ तुकडा धरा, त्याचा उतार (उणे चिन्ह सोडून) म्हणजे मिती, सॉफ्टवेअरने सगळे बिंदू जोडून दिलेला आकडा घेऊ नका प्लीज.

ढगांना क्षेत्रफळ आणि परीघ मोजणं सोपं. लव्हजॉय या शास्त्रज्ञाने 1982 मधे रडार आणि सॅटेलाइटवरून हेच केलं, मिती आली सुमारे 1.35. क्षेत्रफळ 100 पट झालं तर वर्तुळाचा परीघ 10 पट वाढतो, ढगाचा साधारण 22 पट! आणि 1 चौरस किमीपासून 10 लाखांपर्यंत तीच रेष, मला हे अजूनही थक्क करतं.

चक्रीवादळ आणि आकाशगंगा शेजारी ठेवून "बघा सेम" म्हणणं मात्र वेगळं, तिथे एकीकडे हवेचा दाब आणि पृथ्वीचं फिरणं, दुसरीकडे गुरुत्वाकर्षण. अंतराळातलं खरं उदाहरण हवं तर सौरवाऱ्याच्या (सूर्याकडून वाहणाऱ्या विद्युतभारित कणांच्या प्रवाहाच्या) चुंबकीय क्षेत्राचा डेटा घ्या, यानांचा फ्री मिळतो, त्याचा स्पेक्ट्रम (कुठल्या वारंवारतेच्या चढउतारात किती ऊर्जा) लॉग-लॉगवर काढा, मधे उतार उणे 5/3 च्या आसपास येतो आणि आयनांच्या (त्यातल्या भारित अणूंच्या) स्केलला पोचला की रेष तीव्र उतरते, तिथून पुढचे बिंदू या उतारात मिसळू नका.