कॅरव्हॅन घेऊन मॅटारांकाच्या झऱ्यांवर जायचं असेल तर

अ‍ॅडलेडहून उत्तरेकडे निघणाऱ्या आपल्या मंडळींना माझा एकच आग्रह असतो: ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतल्या मॅटारांकाला, कोमट झऱ्यांच्या या गावी, निदान दोन मुक्काम ठेवा. डार्विन गाठायच्या घाईत बरेच जण भर दुपारी तिथे थांबतात, तासाभरात अंग भिजवतात आणि ‘गर्दी फार होती’ म्हणत पुढे जातात. या झऱ्यांचं खरं सुख सकाळी असतं. जून-जुलैत तिथे पहाटे चांगलीच थंडी पडते, पाण्यावरून वाफ उठत असते आणि टूर बस अजून यायच्या असतात. त्या वेळी तिथे असायचं तर आदली रात्र गावातच काढायला हवी.

जायचं मे ते सप्टेंबरमध्ये. तिथल्या पावसाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिलच्या सुमारास, रोपर नदीला पूर येतो आणि पुराबरोबर खाऱ्या पाण्यातल्या मगरी वर सरकतात. पाणी ओसरलं की पार्कचे रेंजर पाहणी करतात, पिंजरे लावतात, आणि खात्री पटल्यावरच झरे लोकांसाठी उघडतात. ही तारीख दर वर्षी वेगळी असते. म्हणून नॉर्दर्न टेरिटरी पार्क्सच्या संकेतस्थळावर काय उघडं, काय बंद ते निघण्यापूर्वी पाहा आणि वाटेत टेनंट क्रीक गावी पुन्हा पाहा. दोन्ही झरे एल्सी राष्ट्रीय उद्यानात आहेत. टेरिटरीबाहेरच्या लोकांना एप्रिल २०२३ पासून तिथल्या उद्यानांसाठी पास लागतो. तो घरूनच ऑनलाइन काढा, वाटेत रेंज मिळेलच असं नाही.

रस्ता सरळ आहे, पण लांब. अ‍ॅडलेड ते मॅटारांका सुमारे २६०० किलोमीटर, पोर्ट ऑगस्टापासून पुढे सगळा स्टुअर्ट हायवे, सगळा डांबरी. अ‍ॅलिस स्प्रिंग्ज ते टेनंट क्रीक ५०० किलोमीटरच्या वर आणि तिथून मॅटारांका जवळपास ५७०. मागे कॅरव्हॅन असली की डिझेल एरवीपेक्षा कितीतरी जास्त जातं, म्हणून टाकी अर्धी झाली की पुढच्या रोडहाउसला, म्हणजे हायवेवरच्या पंपावर, भरून घ्यायची. भाव पाहत बसायचं नाही. सूर्य मावळायच्या आत मुक्कामाला लागा. संध्याकाळी कांगारू आणि मोकाट गुरं रस्त्यावर येतात आणि कॅरव्हॅनसकट गाडी झटकन थांबत नाही.

रोड ट्रेनची, म्हणजे अनेक ट्रेलर जोडलेल्या ट्रकची, भीती घेऊ नका, शिस्त ठेवा. त्या ५३.५ मीटरपर्यंत लांब असतात. मागून आली तर कडेच्या मातीत उतरायचं नाही, आपली लेन आणि वेग कायम ठेवायचा, आणि ती बाहेर काढून शेजारी आली की अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय हलका करायचा. गाडीतला यूएचएफ रेडिओ (दुतर्फा बोलायचा) चॅनल ४० वर ठेवा, ट्रकवाले त्यावरच बोलतात. आमच्याकडे मागे लक्ष ठेवायचं काम आईकडे असतं. मागचा आरसा पाहून ती सांगते, मी रेडिओवर ट्रकवाल्याला ‘ये पुढे’ म्हणते, आणि तो आभार मानून जातो. आणखी एक गोष्ट: जुलैत अ‍ॅलिसची रात्र शून्याच्या आसपास जाते. नळाला जोडलेली होज रात्री काढून ठेवा, नाहीतर सकाळी आत बर्फ.

मॅटारांकाला पोचल्यावर कॅरव्हॅन पार्कमध्ये पॉवर्ड साइट, म्हणजे वीजजोडणी असलेली जागा, घ्या, कॅरव्हॅन सोडवा आणि झऱ्यांवर नुसत्या गाडीने जा. झरे दोन आहेत. थर्मल पूल, म्हणजे कोमट पाण्याचा तलाव, काठ बांधलेला आहे, पायऱ्या आहेत, वर ताडाची सावली आहे. त्याला पाणी पुरवणाऱ्या रेनबो स्प्रिंगमधून रोज सुमारे ३ कोटी लिटर पाणी येतं, तेही ३४ अंशांचं. मात्र या झाडांवर कधीकधी तांबड्या वटवाघळांची प्रचंड वस्ती उतरते. वास तेव्हाच येतो. जमिनीवर पडलेल्या वटवाघळाला मुलांना हात लावू देऊ नका. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण-पाण्याने नीट धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, कारण त्यांच्यात रेबीजच्या कुळातला विषाणू असू शकतो.

माझा जीव दुसऱ्या झऱ्यावर, बिटर स्प्रिंग्जवर आहे. तिथे काठ बांधलेले नाहीत. निळसर, आरपार दिसणारं पाणी झाडीतून हळूहळू वाहत असतं. फोमची लांब नळी, जिला इथे सगळे नूडल म्हणतात, ती काखेखाली धरायची, पायऱ्यांवरून उतरायचं आणि प्रवाहावर सोडून द्यायचं. पुढे छोट्या पुलापाशी बाहेर पडायचं, पायवाटेने परत यायचं, पुन्हा उतरायचं. तळाशी दगड आणि बुडालेल्या फांद्या आहेत, म्हणून पाण्यातले बूट घाला. सनस्क्रीन लावून उतरू नका. सकाळी सातला उन्हाची भीती नसते, आणि ते तेल शेवटी याच पाण्यात जातं. पाटी लावलेल्या जागेपलीकडे, नदीत वगैरे, मुळीच उतरायचं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं: डोकं पाण्याखाली घालू नका. कोमट गोड्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमीबा असू शकतो. पोटात गेला तर काही करत नाही. पण नाकावाटे मेंदूपर्यंत पोचला तर माणूस सहसा वाचत नाही. या आजाराचं पहिलं वर्णन आमच्या अ‍ॅडलेडच्याच डॉक्टरांनी १९६५ मध्ये केलं. अ‍ॅडलेडच्या उत्तरेकडच्या गावांना उघड्यावरच्या लांब पाइपांतून, उन्हात तापलेलं पाणी जायचं, तिथली मुलं त्याने गेली होती. प्रकार फार दुर्मीळ आहे, पण टाळणं इतकं सोपं आहे की मी त्यात सूट देत नाही. कोणी शेजारी स्नॉर्केल लावून पोहत असलं तरी आमची मुलं मान वर ठेवूनच तरंगतात. दिवसभर उन्हात पडलेल्या होजमधलं पाणीही आधी वाहू द्यायचं, मुलांना त्याने खेळू द्यायचं नाही. आणि जलनेती करणाऱ्यांनी प्रवासात उकळून गार केलेलंच पाणी वापरावं.

आई मूळची संगमेश्वरकडची, तुरळ-राजवाडीच्या कढत पाण्याची सवय असलेली. इथे उतरल्यावर ती पहिलं वाक्य बोलली, “हे तर कोमटच आहे गं.” कोमट आहे म्हणूनच ती तासभर बसू शकली. ३४ अंश म्हणजे अंगाच्या उष्णतेहून कमी. गुडघे मोकळे होतात आणि घेरी येत नाही. न्यू साउथ वेल्समधल्या मोरी गावात बोअरचं पाणी ४१ अंशांच्या आसपास असतं. तिथे वयस्कर माणसाने दहा-पंधरा मिनिटांत बाहेर येऊन पाणी प्यावं, रक्तदाबाची गोळी चालू असेल तर नक्कीच. सिडनीच्या लोकांना मोरी सोयीचं आहे, जरूर जा; पण जाताना मुलांना सांगा की तिथल्या तलावात अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे मूळनिवासी, मुलांना मज्जाव होता, आणि फेब्रुवारी १९६५ मध्ये मूळनिवासी विद्यार्थी नेते चार्ल्स पर्किन्स आणि सिडनी विद्यापीठाचे विद्यार्थी बस घेऊन त्या नियमाविरुद्ध उभे राहिले. महाडचं तळं माहीत असलेल्या घरात याहून जास्त समजवावं लागणार नाही.

मॅटारांकाहून पुढे कॅथरिन शंभरएक किलोमीटर. गावातच नदीकाठी झरे आहेत, पाणी याहून थंड, चालत जाता येतं. त्याच्याही पुढे वागिमान या मूळनिवासी लोकांच्या भूमीतले डग्लस झरे, म्हणजे ट्जुवालीन. शेवटचा तुकडा कच्चा आहे, म्हणून कॅरव्हॅन मागेच ठेवा. हे झरे मात्र खरोखर भाजणारे आहेत, उगमापाशी ६० अंशांच्या घरात. थंड ओहोळ जिथे मिसळतो तिथेच बसायचं, आणि बसण्यापूर्वी पाणी हाताने चाचपून पाहायचं. दोन पावलं पुढे गेलं तरी ते पटकन तापतं, म्हणून लहान मुलांना तिथे हात धरूनच न्या.