कार्यालयात राजकारणावर बोलताना

मित्रमंडळींत राजकारणावरून वाद झाला, तर न पटणारा माणूस उठून जाऊ शकतो. कार्यालयात मात्र त्याला त्याच व्यक्तीशेजारी बसून संध्याकाळपर्यंत काम करायचे असते, आणि दुसऱ्या दिवशीही तिथेच यायचे असते. म्हणून विषय निघाल्यावर आपले मत किती बरोबर आहे याचा विचार नंतर करावा. समोरच्याला हे बोलणे टाळण्याची मोकळीक आहे का, हे आधी पाहावे.

ही मोकळीक सर्वांत कमी असते ती हाताखालच्या माणसाला. ज्याच्या हाती रजेची मंजुरी, कामाची वाटणी आणि वार्षिक मूल्यमापन आहे, त्याने जेवताना सहज एखाद्या नेत्याची स्तुती केली, तरी ऐकणाऱ्याच्या मनात हिशेब सुरू होतो: मान डोलवावी की गप्प राहावे, आणि गप्प राहिलो तर त्याचा अर्थ काय लावला जाईल? पुढे त्याची बढती हुकली, तर खरे कारण काहीही असले तरी त्याला ते जेवण आठवणारच. त्यामुळे वरिष्ठांनी पक्ष, उमेदवार आणि निवडणूक यांविषयी स्वतःहून बोलू नये, आणि कोणी कोणाला मत दिले हे तर कधीच विचारू नये. हा केवळ शिष्टाचाराचा भाग नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५८ सालच्या १११ क्रमांकाच्या करारात, नोकरीत ज्या कारणांवरून भेदभाव करता कामा नये त्यांमध्ये वंश, लिंग आणि धर्म यांच्याबरोबर राजकीय मताचाही स्पष्ट उल्लेख आहे. अनेक देशांचे स्वतःचे कायदे आणि बहुतेक मोठ्या संस्थांचे आचारनियमही असतात. ते वाद झाल्यावर शोधण्यापेक्षा आधीच वाचून ठेवावेत.

बरोबरीच्या सहकाऱ्यांमध्ये चूक होते ती वेगळीच. टेबलावरचे सगळे आपल्यासारखाच विचार करतात असे आपण धरून चालतो. मानसशास्त्रज्ञ ली रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एक मोठा फलक अंगावर लावून आवारात फिराल का, असे विचारले होते. जे तयार झाले त्यांना वाटले की बहुतेक जण तयार होतील. ज्यांनी नकार दिला त्यांना वाटले की बहुतेक जण नकारच देतील. आपल्या विनोदावर कोणी आक्षेप घेतला नाही, याचा अर्थ तो सर्वांना पटला असा होत नाही, हे यावरून ध्यानात घ्यावे.

बोलायचे नसेल तर ते लवकर आणि थोडक्यात सांगावे. ‘या विषयावर मी कामाच्या ठिकाणी बोलत नाही,’ एवढे वाक्य पुरते; त्याला कारण जोडले की त्या कारणावरच चर्चा सुरू होते. ‘सगळे पक्ष सारखेच’ असे म्हणून सुटका करून घेऊ नये, कारण तेही एक राजकीय मतच आहे आणि त्यावर वाद घालणारा हमखास भेटतो.

दोघांनाही मनापासून बोलायचे असेल, तर बोलण्यास माझी हरकत नाही. अशा संभाषणातून माणसे एकमेकांना खरोखर कळतात. मात्र ते दोघांतच आणि कामाच्या वेळेबाहेर व्हावे, कारण ऐकणारे जमले की माणूस समोरच्याशी न बोलता त्यांच्यासाठी बोलू लागतो. ‘तुम्ही याला पाठिंबा देताच कसा?’ असे विचारण्याऐवजी ‘हे धोरण प्रत्यक्षात कसे राबवले जाईल?’ असे विचारावे. मानसशास्त्रज्ञ लिओनिड रोझनब्लिट आणि फ्रँक कील यांनी २००२ साली दाखवून दिले, की कपड्यांच्या चेनसारखी (झिप) साधी वस्तू कशी चालते हे टप्प्याटप्प्याने लिहायला सांगितल्यावर लोक आपल्या समजुतीला आधीपेक्षा कमी गुण देतात. हा प्रश्न आधी स्वतःला विचारून पाहावा. आवाज आपोआप खाली येतो. आणि ‘तुम्ही’चे ‘तुम्ही लोक’ झाले, की तिथेच थांबावे.

एखाद्या नव्या करामुळे किंवा कामगार कायद्यामुळे कामावरच परिणाम होणार असेल, तर त्यावर बैठकीत बोलावेच लागते. तेव्हा ‘आपल्याला काय बदलावे लागेल’ एवढ्यापुरतीच चर्चा ठेवावी.

कामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर राजकीय संदेश आला, तर तिथे उत्तर देऊ नये. ग्रुप चालवणाऱ्याने पाठवणाऱ्याशी स्वतंत्रपणे बोलावे, आणि ही मर्यादा स्वतःला पटणाऱ्या संदेशालाही लावावी.

एखाद्या समाजाविषयी अपमानकारक बोलणे हे मात्र ‘राजकीय मत’ म्हणून सोडून देऊ नये. तारीख, नेमके शब्द आणि उपस्थितांची नावे त्याच दिवशी लिहून ठेवून मनुष्यबळ विभागाकडे तक्रार करावी. अपमान ज्याचा झाला त्याच्यावरच हे ओझे टाकू नये. ज्याने ऐकले त्यानेही पुढे यावे.

वाद झालाच, तर दुसऱ्या दिवशी सकाळी, कामाचे पहिले बोलणे निघण्यापूर्वी, स्वतः जाऊन ‘काल माझा आवाज चढला, ते चुकले’ असे म्हणावे. त्यापुढे ‘पण’ जोडू नये. वाद चारचौघांत झाला असेल, तर हे वाक्यही त्या चौघांसमोरच बोलावे.