जुनी पद्मिनी, खंजिरी अन् रामटेक: दोन दिवसांची ट्रिप कशी जमवायची

नागपूरहून जुन्या गाड्या घेऊन मित्रांसोबत गाणं-बजावणं करायची ट्रिप काढायची, तर पहिले एक गोष्ट क्लिअर करतो, जुन्या गाडीनं चिखलदरा वगैरे डोक्यातून काढून टाका. ग्रुपमध्ये एकजण असतोच "चला बे चिखलदऱ्याले" म्हणणारा, त्याला तिथंच गप करा. 200 च्या वर किलोमीटर, वरून घाट, अन् खाली काकाची 1986 ची पद्मिनी, म्हणजे गाणं-बजावणं राहिलं बाजूला, अख्खा वीकेंड बॉनेट उघडून उभे राहाल. रामटेक घ्या. नागपूरहून 50 किलोमीटरच्या आसपास, रस्ता सपाट अन् चांगला, अन् गाडी बसलीच तर संध्याकाळपर्यंत नागपूरचा मेकॅनिक येऊ शकते.

कधी जायचं तर डिसेंबर-जानेवारी. मे महिन्यात 45 डिग्रीत जुनं इंजिन अन् जुने मित्र दोघंही तापतात. त्रिपुरी पौर्णिमा अन् रामनवमी मात्र टाळा, तेव्हा रामटेकला यात्रेची गर्दी राहते. पुण्याचे मित्र येणार असतील तर आधी अधिवेशनाच्या तारखा बघा, नाहीतर नागपुरात एक रात्र काढायला रूम शोधता शोधता जीव जाईल.

आता गाडीचे कागद. इथं लोक गफलत करतात. 50 वर्षांपेक्षा जुनी गाडी विंटेज म्हणून व्हीए सिरीजवर रजिस्टर केली असेल (2021 पासून हा नियम आहे) तर ती रोजच्या वापराला चालत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती असल्याच कामांसाठी रस्त्यावर काढता येते. म्हणजे पिकनिकला नाही राजेहो. साध्या नंबरची पद्मिनी, अ‍ॅम्बॅसेडर, काँटेसा असेल तर आरसी रिन्यू आहे का बघा, 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी करावी लागते, अन् सोबत इन्शुरन्स अन् पीयूसी.

निघायच्या आठ दिवस आधी गाडी 20-25 किलोमीटर फिरवून आणा, फक्त घरासमोर स्टार्ट करून "चालून राहिली ना" म्हणू नका. सगळ्यात आधी पेट्रोलचे रबरी पाइप बघा, आजकालच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असते अन् जुनं रबर त्यानं फुगते, तडकते. पाइप गळला तर ते पेट्रोल गरम इंजिनवर पडते, तिथं कंजुसी नको. डिक्कीत फॅन बेल्ट, पॉइंट-कंडेन्सर, रोटर, दोन प्लग, फ्यूज, हातभर पेट्रोल पाइप क्लिपसकट, टोइंगचा दोर अन् पाण्याच्या दोन कॅन. अ‍ॅम्बॅसेडर 2014 मध्ये बंद झाली अन् पद्मिनी तर त्याच्या कितीतरी आधी, रस्त्यावरच्या दुकानात पार्ट भेटतील या भरवशावर राहू नका. आमचा फॅन बेल्ट मागच्या खेपेला मनसरच्या अलीकडे तुटला, अन् स्पेअर कुठं होता? घरी, फ्रिजवर. दीड तास संत्री सोलत बसलो.

सकाळी सातला ऑटोमोटिव्ह चौकात भेटा (नावच जमते ना), तर्री पोहे खा अन् कामठी, कन्हान करत मनसरपर्यंत हायवेनं, तिथून रामटेकचा फाटा. 50-60 च्या स्पीडनं, डाव्या लेनमध्ये. मागून ट्रकवाला हॉर्न मारेल, मारू द्या. ड्रम ब्रेक असतात, पुढच्या गाडीपासून नव्या गाडीच्या दुप्पट अंतर ठेवा, अन् सगळ्यात शेवटी एक नवी गाडी असू द्या, सामान अन् रुसलेले लोक तिच्यात. गाडी चालता चालता झटके देऊन बंद पडली अन् इंजिन गरम असेल तर बहुतेक इंजिनच्या फ्यूएल पंपाजवळच पेट्रोलची वाफ होऊन राहिली असते, त्या पंपावर ओलं फडकं ठेवा, पंधरा-वीस मिनिटं चहा प्या, चालू होते. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना उघडायचं नाही म्हणजे नाही, कोणी कितीही शहाणपणा केला तरी.

मुक्काम खिंडसी तलावाच्या बाजूला करा. फोनवर रूमच्या आधी पार्किंगचं विचारा, थोडा उतार असलेली जागा मागा अन् रात्री गाडी उताराकडे तोंड करून लावा, सकाळी थंडीत बॅटरी बसली तर धक्का मारायला चार लोक उठवावे लागत नाहीत. हँडब्रेकच्या भरवशावर राहू नका, चाकापुढे, उताराच्या बाजूनं, दगड लावाच.

आता गाणं. डीजे नको. रात्री 10 नंतर लाउडस्पीकरला बंदी आहेच, अन् तलावाकाठी स्पीकर लावून तेच ऐकायचं तर घरीच बसा ना. आमच्याकडे एक पेटीवाला, एक गिटारवाला अन् एक खंजिरी. खंजिरी नेच नेच. तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे आपल्या विदर्भात प्रत्येक ग्रुपमध्ये कोणाचे तरी आजोबा वाजवणारे निघतात, नातवाच्याही हातात थोडा ताल असतेच. एक लक्षात ठेवा, पेटी तिथं ट्यून होत नाही, म्हणून गिटारनं पेटीला धरून लावायचं, अन् गाणारा काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी) गात असेल तर गिटारवाल्यानं कॅपो, म्हणजे पट्टी वर चढवायची गिटारची क्लिप, नेलेला बरा. गिटार शेकोटीजवळ ठेवू नका, तारा गरम होऊन उतरतात, मग दर गाण्याला "थांब बे, लावून राहिलो". अन् दुपारी बंद गाडीत तर मुळीच नाही, लाकडाचा गोंद सुटते.

जेवायला रोडगे अन् वांग्याची भाजी सांगून ठेवा, गोवऱ्यांवर भाजायला वेळ लागते, म्हणून चारलाच सांगा. सावजी खायचं असेल तर परत आल्यावर नागपुरात खा, रात्रभर गाणाऱ्यांचे गळे तिखटानं बसतात.

रविवारी सकाळी गडमंदिर. जुनी गाडी खालीच ठेवा अन् पायऱ्यांनी चढा, अन् वर वानरांपासून चष्मे सांभाळा. तीनपर्यंत परत निघा, जुन्या हेडलाइटचा पिवळा उजेड हायवेवर पुरत नाही.

पेट्रोलचा हिशोब गाडीनुसार नका करू, पद्मिनीवाला अन् अ‍ॅम्बॅसेडरवाला दोघंही भांडतील. सगळा खर्च एकत्र करून डोक्यावर भागा, फक्त फॅन बेल्टचे पैसे ज्यानं तो फ्रिजवर विसरला त्याच्याकडून.