बायबलवाचन लेवीयपाशीच का अडतं? या चुका टाळा

31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत संकल्प होतो: यंदा पवित्र शास्त्र अख्खं वाचायचं. 66 पुस्तकं, 1,189 अध्याय, म्हणजे रोज तीन, कधी चार. तीनच धरले तरी उत्पत्तीचे 50 आणि निर्गमाचे 40 अध्याय 30 जानेवारीला संपतात आणि 31 तारखेला वाचक लेवीय या तिसऱ्या पुस्तकात, होमार्पणाच्या म्हणजे वेदीवर प्राणी जाळून वाहण्याच्या नियमांत येऊन पडतो. तिथून पुढे बहुतेकांचा पत्ता लागत नाही. मार्चमध्ये चर्चच्या तरुण संघात "कुठवर आलात?" असं विचारलं की सगळे छताकडे बघतात.

यात लेवीयचा दोष नाही. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, ही येशूने मार्कच्या शुभवर्तमानात, अध्याय 12 मध्ये सांगितलेली आज्ञा लेवीय 19 मधलीच आहे. शेताच्या कडेचं पीक गरिबांसाठी राहू द्या, हेही तिथलंच. रूथच्या पुस्तकातली गरीब विधवा रूथ कापणीनंतर शेतात पडलेली कणसं, म्हणजे सरवा, वेचते ती त्याच नियमाच्या आधारावर. पण पहिल्या सात अध्यायांतल्या अर्पणांनाच घाबरून पळालात तर तिथवर पोहोचणार कसे? नव्या माणसाने मार्कपासून सुरुवात करावी. 16 अध्याय, गोष्ट वेगवान. मग उत्पत्ती. लेवीयला हात घालताना मी शेजारी नव्या करारातलं इब्री लोकांस पत्र उघडं ठेवतो. याजक, रक्त, मंदिरातला पडदा हे सगळं कशासाठी, ते तिथे उलगडतं.

चुकलेल्या दिवसांची उधारी फेडत बसू नका. आठवडाभर लग्नघरी राहायचं आणि रविवारी दुपारी वीस-बावीस अध्याय रेटायचे, याला मी वाचन म्हणत नाही. आजच्या तारखेचं वाचा, मागचं सोडा. रॉबर्ट मरे मक्चेन या स्कॉटिश पाळकाची 1842 ची वाचनयोजना आजही वापरात आहे: वर्षात जुना करार (बायबलचा येशूआधीचा भाग) एकदा, नवा करार (येशूपासूनचा भाग) आणि स्तोत्रं दोनदा. तिचेच धोके त्याने सोबत लिहून ठेवले होते. नुसता सोपस्कार होईल, वाचल्याचा गर्व चढेल, जू जड होईल. योजनेचे रकाने खुणांनी भरणाऱ्यांना हे दाखवावंसं वाटतं.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक: एकच वचन उचलून वर्षभर चघळणं. आमच्या संघातल्या एका मुलाला नववर्षाच्या वचनकार्डावर (वर्षासाठी एक वचन छापलेलं, चिठ्ठीसारखं उचलायचं कार्ड) यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं 29:11, म्हणजे अध्याय 29 मधलं अकरावं वचन, निघालं. देवाचे संकल्प हिताचे आहेत, आशा देणारे आहेत. त्याने कार्ड मोबाइलच्या मागे लावलं, येईल त्याला दाखवलं. फेब्रुवारीत नोकरीची मुलाखत फसली आणि "वचन खोटं निघालं" म्हणून बायबल थेट कपाटात गेलं. घरचे म्हणाले, विश्वास कमी पडला. मला दोन्हींचा राग आला. त्याला बसवलं आणि अध्याय 28 व 29 सलग वाचायला लावले.

हनन्या हा संदेष्टा लोकांना सांगतो, बाबेलच्या राजाने नेलेलं सगळं दोन वर्षांत परत येईल. तो खोटा ठरतो आणि त्याच वर्षी मरतो. यिर्मया बाबेलात पकडून नेलेल्या यहूदी बंदिवानांना पत्र लिहितो: घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, त्या शहरासाठी प्रार्थना करा. अकराव्या वचनाच्या अगदी आधी, दहाव्यात, 70 वर्षांची मुदत आहे. पत्र ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण परतीचा दिवस बघणारच नव्हते. मुलगा बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "हे कार्डावर का छापत नाहीत?" छापलं तर कार्ड घेईल कोण!

माझी सवय सांगतो: व्हॉट्सअॅपवर वचन आलं की पुढे पाठवण्याआधी तो अध्याय पूर्ण वाचायचा. पाठवणं निम्म्याने कमी होतं.

बाकीच्या किरकोळ चुका. रात्री अंथरुणात वाचू नका. तिसऱ्या ओळीला डोळा लागतो. मोबाइलवर वाचायचंच तर सूचना बंद करा. स्तोत्र 23 आणि 91 पाठ आहेत, उत्तम. उरलेली 148 कधी? पाळकांच्या प्रवचनाचे व्हिडिओ हे वाचन नव्हे. जुन्या आवृत्तीची भाषा जड जात असेल तर सोपी घ्या, त्यात लाज कसली. आणि कौटुंबिक उपासनेत मुलांकडून 1 इतिहासचे पहिले नऊ अध्याय वाचून घेऊ नका, तिथे नावांच्या याद्या आहेत. रूथ द्या. चारच अध्याय आहेत.