अंदमानला गळ टाकायला निघताय?
बडोद्याच्या आसपास रोहूसाठी वापरलेला रॉड अंदमानच्या जायंट ट्रेव्हॅलीपुढे टिकणार नाही. हा मासा लागताच प्रवाळाच्या खडकांकडे धावतो; तिथे पोचला की दोरी कापलीच समजा. म्हणून रीलवर 80 पौंडी (तेवढा ताण पेलणारी) ब्रेडेड, म्हणजे विणलेली दोरी, पुढे 130 पौंडी जाड नायलॉनचा लीडर (दोरीच्या टोकाला जोडायचा तुकडा) घ्या. पैसे वाचवायचे तर लुअरवर (नकली आमिषावर) वाचवा, रीलच्या ड्रॅगवर (दोरी ओढली जाताना रोखणाऱ्या ब्रेकवर) नको. पॉपर (पाण्यावर उडवत ओढायचे लुअर) दोन-तीन पुरतात, पण त्यांच्या गळ अडकवायच्या कड्या तपासाच: नखाने सहज उघडली, तर ती कडी आजच बदला. बॅराकुडा नायलॉन दातांनी कापतो, थोडी स्टीलची तार ठेवा. गळ विमानात हातातल्या बॅगेत चालत नाहीत. रोज संध्याकाळी रील गोड्या पाण्याने हलकेच धुवा. जोराच्या धारेने मीठ आत शिरतं.