रोप ओढला की परतीची वाट बंद

दर वर्षी दिवाळी झाली की मला तोच प्रश्न येतो. "ताई, मला टेक्निकल टीममध्ये यायचंय. रॅपलिंग कुठे शिकू?" टेक्निकल टीम म्हणजे ट्रेकमध्ये दोर लावून माणसं उतरवणारा गट आणि रॅपलिंग म्हणजे रोपच्या, म्हणजे दोराच्या, आधाराने कातळ उतरणं. रॅपलिंग शिकायला एक दुपार पुरते. एखादी घळ वरून खालपर्यंत नीट उतरवायला, म्हणजे स्वतः उतरायला आणि मागून वीस माणसं उतरवायला, मला चार हिवाळे लागले. ते चार हिवाळे कशात गेले, तेवढं सांगते.

माझी शाळा म्हणजे सांदण दरी. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात साम्रद नावाचं गाव आहे. गावातून पंधरा-वीस मिनिटं चाललं की सपाट जमीन अचानक फाटलेली दिसते. आत शिरलं की दोन्ही बाजूंना काळ्या बेसॉल्टच्या दोन-तीनशे फुटी भिंती. काही ठिकाणी घळ इतकी अरुंद, की ऊन तळाशी जेमतेम भर दुपारी पोचतं. पाण्याचे डोह ओलांडायचे, धोंड्यांवरून उतरत राहायचं, मग कातळाचे टप्पे दोरावर उतरायचे आणि शेवटी थेट कोकणात, शहापूर तालुक्यातल्या डेहण्याला निघायचं. डोहांपर्यंत जाऊन फोटो काढून परत फिरणारे पुष्कळ. खरी दरी त्यांच्यानंतर सुरू होते.

किल्ल्यावर वाट चुकली, कोणाचा पाय मुरगळला, तर मागे फिरता येतं. घळीत तसं नसतं. पहिल्या पॅचवरून, म्हणजे साधारण 45 फुटांच्या कातळावरून, शेवटचा माणूस उतरला की वर दुहेरी ओवलेला रोप खाली ओढून घ्यावा लागतो, कारण पुढच्या पॅचला तोच लागणार असतो. रोप खाली आला की वरची वाट संपली. त्यामुळे जे काही तपासायचं ते रोप ओढायच्या आधी. पाणी किती उरलं, कोण थकलंय, उजेड किती आहे, सगळं.

आता माझी फजिती. दुसऱ्या वर्षी मी स्वयंसेवक म्हणून गेले होते. स्वयंसेवक म्हणजे भाकऱ्या वाटायच्या, माणसं मोजायची आणि सगळ्यांत शेवटी राहून सामान गोळा करायचं. पहिल्या पॅचच्या काठावर मी डिसेंडर (आपला फिगर ऑफ एट, रोपवर उतरताना वेग आवरणारं आठच्या आकाराचं साधन) कॅराबिनरमधून, म्हणजे कमरेच्या कडीतून, काढला, त्यात रोप घालायला गेले आणि तो हातातून सुटला. टण, टण, टण करत खाली धोंड्यांत. खाली उभे असलेले सगळे वर बघायला लागले. जास्तीचा डिसेंडर पुढे गेलेल्या सॅकमध्ये होता.

आमचे दादा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी माझ्या हार्नेसला, म्हणजे कमरेच्या पट्ट्यांना, मोठा लॉकवाला कॅराबिनर अडकवला, त्यावर दोराची एक गाठ घातली आणि म्हणाले, "ही मुंटर हिच. हिच्यावर उतर. रोपला पीळ पडेल, पडू दे." मी उतरले. पीळ भरपूर पडला आणि तो सोडवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

त्या रात्री त्यांनी शेकोटीजवळ बसवून एकच गोष्ट पन्नास वेळा करून घेतली. डिसेंडर कॅराबिनरमधून सुटा काढायचाच नाही. मोठं भोक अडकवलेलं असतानाच रोपची घडी त्यातून ओढायची, डिसेंडरच्या मानेवर चढवायची आणि मग उलटवून लहान भोक अडकवायचं. रोप आधीच आत असल्यामुळे मध्ये हात सुटला तरी डिसेंडर पडत नाही. नवीन कोणी टीममध्ये आलं की मी आधी हेच करून घेते, अंधारात आणि ओल्या हातांनी.

रॅपलिंग करताना नवी माणसं एकच चूक करतात. वरचा हात रोपला घट्ट धरून भिंतीला चिकटतात. मग पाय घसरतात आणि गुडघे सोलवटतात. वजन खालच्या हाताने, म्हणजे ब्रेकच्या हाताने, सांभाळायचं. वरचा हात फक्त तोल राखायला. मागे रेलून बसायचं, खुर्चीत बसल्यासारखं, पाय कातळाला काटकोनात. शरीराला हे पटायला वेळ लागतो, कारण मागे रेलणं म्हणजे पडणं, असंच त्याला वाटत असतं. केस बांधा, ओढणी-मफलर सॅकमध्ये टाका. डिसेंडरमध्ये अडकलेले केस दोरावर लटकत सोडवणं हा अनुभव कोणी घेऊ नये.

खरं काम रोपचं. दोन रोप जोडले असतील तर गाठ कुठल्या बाजूला आहे आणि खालून कुठल्या रंगाचा ओढायचा, हे पहिला माणूस उतरायच्या आधीच मोठ्याने सांगायचं. शेवटचा माणूस वर असतानाच खालून एकदा ओढून बघायचं. रोप सरकत नसेल तर गाठ हलवायला वर अजून कोणीतरी असतं. आम्ही एकदा एवढंच विसरलो. रोप कपारीत अडकला आणि तो सोडवण्यात दोन तास गेले. रोपच्या टोकाला गाठ मारायला आळस करू नका. आणि कातळात आधीपासून ठोकलेला बोल्ट दिसला म्हणून लगेच त्याच्यावर भरवसा ठेवू नका. तो कधी ठोकला, कोणी ठोकला, गंजलाय का, हलतोय का, ते बघा. शिवाय दुसरा अँकर, म्हणजे रोप अडकवायचा आधार, हवाच.

वेळेचं गणित सोपं आहे, पण कोणी करत नाही. माणशी दहा मिनिटं धरली तर वीस जणांना एकाच पॅचवर दोनशे मिनिटं लागतात, म्हणजे सव्वातीन तासांहून जास्त. म्हणून साम्रदमधून उजाडायच्या आत निघायचं. आणि वाट बघणाऱ्यांना काठापासून लांब बसवायचं. आमच्या प्रवासात जे मार बसले ते दोरावर नाही, धोंड्यांवर बसले: घोटे, मनगटं, एकदा दात. पाच-सहा तास धोंड्यांवरून उड्या मारायची सवय पायांना नसेल तर हार्नेस कितीही भारी घ्या, उपयोग नाही.

साम्रदचे एक मामा आमच्याबरोबर येतात. तोंडावर पाणी मारून ते आधी आभाळ बघतात आणि मग कातळावरची आग्या मोहोळं. एकदा एकाने अंगावर सेंट मारलेला त्यांना वासानेच कळला. "ताई, याला आधी धुऊन काढा," एवढंच म्हणाले. मोहोळ उठलं तर घळीत पळायला जागा नसते. म्हणून सेंट नको, सिगारेट नको, आरडाओरडा तर मुळीच नको. पावसाळ्यात दरीत उतरायचंच नाही. अवकाळीचा ढग दिसला तरी मामा नकार देतात आणि आम्ही तो ऐकतो, कारण पाऊस वर पठारावर पडतो आणि पाणी आपल्याकडे येतं.

शिकायचं कुठे? आधी आपल्या भागातल्या जुन्या संस्थेबरोबर दोन वर्षं साधे ट्रेक करा. दोर हाताळायला पुण्या-मुंबईजवळचे कातळ पुरेसे आहेत. पाण्यातल्या रॅपलिंगचा अंदाज मढे घाटातल्या किंवा विहीगावच्या धबधब्यावर येतो. ज्यांना यात पोट भरायचंय त्यांनी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा किंवा दार्जिलिंगच्या हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूटचा बेसिक कोर्स करावा. पहिली 1965 ची, दुसरी 1954 ची. कोर्स साधारण 28 दिवसांचा असतो. बर्फातलं तंत्र सह्याद्रीत फारसं उपयोगी पडत नाही, पण शिस्त पडते. प्रथमोपचाराचा कोर्स वेगळा करा. महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलंय, त्यात आयोजकांना नोंदणी आहे. काम मागायला जाल तिथे ती आहे का, हे बेधडक विचारा.

पैशाचं विचाराल तर, शनिवार-रविवारच्या मानधनावर घर चालत नाही. मी सोमवारी ऑफिसला जाते.

आणि रविवारी रात्री उशिरा आसनगावहून लोकल पकडून घरी पोचलं तरी काम संपत नाही. रोप साध्या पाण्यात धुवायचा, साबण नाही, बादलीतलं पाणी तीन वेळा बदलायचं. मग तो हातातून इंचाइंचाने फिरवत कुठे फुगलाय, कुठे मऊ पडलाय, ते चाचपायचं. वाळवायचा सावलीत. आमच्याकडे तो बाल्कनीपासून स्वयंपाकघरापर्यंत लोंबकळत असतो, आणि आई त्याच्याखालून वाकून जाताना दर वेळी तेच विचारते, ही दोरी अजून किती दिवस?