विहिरीची पातळी आणि बोअरची पातळी एकाच पट्टीनं वाचू नका

एप्रिल २०१६. पुरंदर तालुक्यातल्या आमच्या अंजिराच्या बागेत बोअरची गाडी उभी होती. दीडशे फुटांपर्यंत नुसती राखाडी भुकटी उडत होती. १६० फुटांवर तिचा रंग विटकरी झाला, पाचेक फूट लाल चिकट गेरू निघाला, आणि १७२ फुटांवर पाणी लागलं. २४० फुटांवर गाडी थांबवली. सकाळी धाकट्या दिरांनी दोरीला दगड बांधून आत सोडला आणि तिथूनच ओरडले, "वहिनी, पाणी अडतीस फुटांवर आलंय!"

सासूबाईंनी नारळ फोडला. २४० वजा ३८, म्हणजे २०२ फूट पाणी, असा हिशेब आम्ही सगळ्यांनीच मांडला आणि त्याच जोरावर पुढच्या वर्षी एकरभर बाग वाढवली. २०१८चा पावसाळा कोरडा गेला. त्या ऑक्टोबरात राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. एप्रिल २०१९ मध्ये आमची मोटर हवा ओढायला लागली आणि नवी झाडं डोळ्यांदेखत वाळली. तेव्हापासून मी पाणी मोजते. विहिरीचं आणि बोअरचं, वेगवेगळ्या पानांवर. ते कसं करायचं आणि त्या आकड्यांचा अर्थ कसा लावायचा, ते इथे लिहिते.

आधी आमचा तो हिशेब कुठे चुकला ते पाहा. साडेसहा इंची बोअरच्या एका फुटात साधारण साडेसहा लिटर पाणी मावतं. २०२ फुटांचे झाले तेराशे लिटर. घरावरच्या हजार लिटरच्या टाकीपेक्षा थोडं जास्त, एवढंच. आमची विहीर २५ फूट व्यासाची, ४२ फूट खोल. त्याच दिवशी तिच्यात पाणी ३३ फुटांवर होतं, म्हणजे तळाला जेमतेम ९ फूट. पण तिच्या एका फुटात सुमारे १४ हजार लिटर पाणी असतं. ९ फुटांचं सव्वा लाख लिटर. आम्ही सव्वा लाखाकडे पाठ फिरवून तेराशे लिटरवर बाग वाढवली होती.

बोअर काही नुसत्या भोकातल्या पाण्यावर चालत नाही, खडकातून पाणी येत राहतं, हे खरं. मग ते कुठून येतं आणि ३८ फुटांवर का येऊन थांबतं, हे समजून घ्यायला हवं.

महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग बसाल्टचा, म्हणजे लाव्हाच्या थरांवर थर. वर माती, खाली मुरूम, मग भेगाळलेला खडक. यात मुरलेलं पाणी एका मर्यादेपर्यंत सगळ्या भेगा भरून राहतं आणि त्याच्यावर मोकळी हवा असते. पाणी धरून ठेवणाऱ्या अशा थराला जलधर म्हणतात, आणि हा मुक्त जलधर. विहिरीत दिसणारी पातळी म्हणजे आजूबाजूच्या जमिनीतल्या पाण्याचीच पातळी. विहीर ही त्या पाण्याला पाडलेली खिडकी आहे. पाणी जिथे दिसतं, तिथे ते खरोखरच असतं.

त्याखाली सलग काळा पाषाण असतो, कुठे कुठे दोन लाव्हांच्या मधला लाल गेरूचा थर. यातून पाणी सहजी झिरपत नाही. त्याच्याखाली एखादा मांजऱ्या, म्हणजे बारीक पोकळ्यांच्या, खडकाचा किंवा भेगांचा पट्टा पाण्यानं भरलेला असेल, तर ते पाणी झाकण लावलेल्या भांड्यातल्यासारखं कोंडलेलं असतं. हा बंदिस्त जलधर. त्याला पाणी मिळतं ते बहुधा वरच्या अंगाला, जिथे तो पट्टा उघडा पडतो किंवा वरच्या पाण्याशी जोडला जातो तिथून. आपण झाकणाला भोक पाडलं की कोंडलेलं पाणी दाबानं वर चढतं.

घर बांधताना गवंडी पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात ना, लेव्हल काढायला? नळीचा मधला भाग जमिनीवर लोळत असतो, पण दोन्ही टोकांना पाणी सारख्याच उंचीवर येतं. माझ्या बोअरमधलं ३८ फुटांवरचं पाणी हे त्या नळीचं टोक आहे. पाण्याचा पट्टा १७२ फुटांवरच आहे. ३८ हा आकडा त्या पट्ट्यात किती दाब आहे एवढंच सांगतो, किती साठा आहे ते सांगत नाही. दाब पुरेसा असेल तर पाणी जमिनीच्याही वर येतं. उत्तराखंडच्या तराईत अशा आपोआप वाहणाऱ्या कूपनलिका आहेत.

आता मोजणी. विहिरीच्या कठड्यावर एक जागा ठरवून तिथे तेलरंगानं खूण करा आणि कायम तिथूनच मोजा. ३० मीटरची पोलादी टेप घ्या, टोकाला वजन बांधा, शेवटच्या मीटरभर भागाला कोरडा खडू फासा. टेप सोडा आणि खुणेवर पूर्ण आकडा धरा. समजा, १२.०० मीटर धरला. वर काढल्यावर खडू ४३ सेंटिमीटरपर्यंत ओला निघाला. म्हणजे पाणी खुणेपासून ११.५७ मीटरवर. कठडा जमिनीपासून ०.७५ मीटर उंच असेल तर तो वजा करा. जमिनीपासून पातळी १०.८२ मीटर. ही शेवटची वजाबाकी बरेच जण विसरतात. मग कठड्याची डागडुजी झाली की वहीत पाणी एकदम हातभर खाली गेलेलं दिसतं.

बोअरला दगड-दोरी पुरत नाही. दोन तारांची लवचीक केबल घ्या, खालची दोन टोकं सोलून एकमेकांपासून बोटभर लांब पक्की करा आणि वर ९ व्होल्टची बॅटरी व छोटा बझर जोडा. टोकं पाण्याला टेकली की सर्किट पूर्ण होतं आणि बझर वाजतो. केबलवर दर फुटाला रंगीत टेपच्या खुणा करून ठेवा. मोजताना मोटरचा मेन स्विच बंद हवा. मोटर असलेल्या बोअरमध्ये केबल अडकते, म्हणून पुढच्या वेळी मोटर काढाल तेव्हा तिच्या पाईपबरोबर पाऊण इंची एक वेगळा पाईप खाली सोडून घ्या, मोजणी त्यातूनच करा. काम झालं की बोअरचं तोंड झाकणानं घट्ट बंद करा. उघड्या बोअरनं लेकरं गिळली आहेत, त्यामुळे याबाबतीत मी कुणाचंही "नंतर बघू" ऐकून घेत नाही.

उपसा चालू असताना घेतलेला आकडा पातळीचा नसतो. मी रात्री नऊला मोटर बंद करते, सकाळी सहाला मोजते, अर्ध्या तासानं पुन्हा मोजते. दोन्ही आकडे सारखे आले तरच वहीत लिहिते. शेजाऱ्यांच्या मोटरी चालू होत्या का, तेही लिहिते. तारीख, वेळ, मोटर कधी बंद केली, आकडा, आधल्या आठवड्याचा पाऊस, एवढे रकाने पुरतात.

तुमचं बोअर बंदिस्त थरातलं आहे का, हे ओळखायचं कसं? सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे पाणी किती फुटांवर लागलं आणि दुसऱ्या सकाळी किती फुटांवर आलं, याची तुलना. लागलं त्याच्या आसपासच थांबलं तर मुक्त. १७२ वरून ३८ वर आलं तर बंदिस्त. म्हणून बोअर घेताना गाडीजवळ वही घेऊन उभे राहा. दर दहा फुटांना भुकटीचा रंग लिहा, मूठभर भुकटी पिशवीत भरून तिच्यावर फूट टाका. गाडी गेल्यावर ही माहिती कुठल्याही किमतीला मिळत नाही.

दुसरी खूण उपशाची. आमचं बोअर सुरू केलं की ४०० फुटांवरच्या शेजारच्या बोअरची पातळी वीस मिनिटांत हलायला लागते. पण आमचीच विहीर, बोअरपासून ६० फुटांवर असून, संध्याकाळपर्यंत जागची हलत नाही. बंदिस्त थरात दाबाचा बदल लांबवर आणि झटपट पोचतो.

तिसरी खूण मला फार आवडते, कारण तिला पाऊसही लागत नाही आणि उपसाही. हवेचा दाब कमी झाला की बंदिस्त बोअरची पातळी काही सेंटिमीटर वर येते, वाढला की खाली बसते. मुक्त जलधरावर हवा सगळीकडे सारखीच दाबते, विहिरीतही आणि मुरमातही, त्यामुळे विहिरीत हा फरक जवळपास दिसत नाही. बंदिस्त थरावर मात्र हवेचा काही भार खडकाचं छप्पर पेलतं आणि बोअरच्या भोकात तो पूर्णपणे पाण्यावर पडतो. आभाळ भरून आलंय, अजून थेंब पडलेला नाही आणि बोअर चार बोटं वर, असं मी वहीत तीनदा टिपलंय. पाणी वाढलं असं समजू नका.

आता सर्वांत महत्त्वाचं, घसरणीचा अर्थ. जानेवारी ते मार्च २०१९ मध्ये आमची विहीर ५ फूट उतरली आणि बोअर ६४ फुटांवरून ११८ वर गेलं. गावात जो तो म्हणायचा, बोअरचं पाणी जास्त संपलं. हिशेब करून पाहा. आमच्या भेगाळलेल्या बसाल्टमधून दर घनमीटरमागे साधारण १ ते ३ टक्के पाणी सुटतं. २ टक्के धरा. एक हेक्टर क्षेत्रात मुक्त जलधराची पातळी १ मीटर उतरली, तर २०० घनमीटर पाणी गेलं. दोन लाख लिटर, म्हणजे दहा हजारी वीस टँकर. बंदिस्त थरात मात्र १ मीटर पातळी उतरते ती भेगा रिकाम्या होऊन नव्हे, नुसता दाब घटून. तिथे सुटणारं पाणी एक दशसहस्रांश धरलं, तर हेक्टरी १ घनमीटर. हजार लिटर. दोनशे लिटरचे पाच ड्रम.

मीटर तोच. एका ठिकाणी वीस टँकर, दुसऱ्या ठिकाणी पाच ड्रम. म्हणून विहीर दोन फूट उतरली तरी दखल घ्या. आणि जुलैत बोअर तीस फूट वर आलं म्हणून नवी लागवड करू नका. ते चढतं झटकन आणि उतरतंही तसंच.

बोअरच्या वहीत एक लाल रेघ मात्र ओढून ठेवा, खडकाच्या त्या झाकणाच्या (आमच्याकडे लाल गेरूच्या थराच्या) तळाशी. माझी रेघ १६५ फुटांवर आहे. चालत्या मोटरीचं पाणी या रेघेच्या वर आहे तोवर आपण दाब वापरतोय. रेघेखाली गेलं की बोअरभोवती थर रिकामा व्हायला सुरुवात होते आणि १७२ची भेग उघडी पडली की मोटर हवा ओढते. २०१९ मध्ये आमचं नेमकं तेच झालं.

विहिरी-विहिरींची तुलना करताना जमिनीची उंची धरा. ओढ्याकाठच्या चुलत सासऱ्यांच्या विहिरीत पाणी १६ फुटांवर, आमच्यात २६ वर. त्यांचं पाणी वर आहे असं वाटतं. पण आमची जमीन १२ फूट उंच आहे. म्हणजे आमचं पाणी त्यांच्यापेक्षा २ फूट वर आहे आणि वाहतं आमच्याकडून त्यांच्याकडे. ही उंची मी गवंड्याच्या नळीनंच टप्प्याटप्प्यानं मोजून घेतली, दोन दुपारी गेल्या. तुलना करायची ती विहिरीची विहिरीशी आणि बोअरची त्याच थरातल्या बोअरशी. महिनाही तोच हवा. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. आपणही निदान तेच चार महिने धरावेत, म्हणजे त्यांच्या आकड्यांशी ताडून पाहता येतं. ऑक्टोबर ऑक्टोबरशी, मे मेशी.

तापी-पूर्णेच्या गाळाच्या पट्ट्यात, रावेर-यावलकडे, खडकाऐवजी वाळू आणि चिकणमातीचे थर आहेत. तिथे झाकणाचं काम चिकणमाती करते. रीत तीच. आमच्या बसाल्टमध्ये झाकण फार क्वचित पक्कं असतं, कुठे ना कुठे पाझरतं. शिवाय एकाच बोअरला दोन-तीन भेगा लागल्या असतील तर दिसणारी पातळी त्या सगळ्यांची मिळून असते. असा आकडा जपून वापरा.

आणि बोअरला कान लावा. २०१९च्या मे महिन्यात भर दुपारी, मोटर बंद असताना, मी बोअरच्या तोंडावरचं झाकण काढलं तर आतून पाणी पडल्याचा आवाज येत होता. टप टप नव्हे, बारीक सलग धार. बोअरला केसिंग, म्हणजे भिंतीला आधार देणारा पाईप, फक्त वीस फूट, मुरमापुरतं होतं. खालचा दाब बसला होता आणि विहिरीचं वरचं पाणी पन्नासेक फुटांवरच्या भेगेतून बोअरमध्ये गळून खाली चाललं होतं. आम्ही स्वतःच खडकाच्या झाकणाला भोक पाडलं होतं आणि ते उघडं ठेवलं होतं. त्या पावसाळ्याआधी आतून पाच इंची केसिंग साठ फुटांपर्यंत बसवलं, त्याच्या तळाला फट बंद करणारं रबरी कडं (पॅकर) आणि फटीत सिमेंटचा घोळ. आवाज बंद झाला. नवं बोअर घेणार असाल तर हे पहिल्याच दिवशी करून घ्या, भेगाळलेला खडक संपून सलग पाषाण लागेपर्यंत. गाडीवाले "ताई, गरज नाही" म्हणतील. पैसे जास्त लागतात, तरी करा.

वही मेच्या शेवटच्या आठवड्यात सुरू करा, पावसाळ्याआधी, पाणी सगळ्यात खाली असताना. पहिल्या पानावर विहिरीचा व्यास, खोली, कठड्याची उंची. दुसऱ्या पानावर बोअरचं पाणी कुठे लागलं, कुठे आलं, केसिंग किती, मोटर किती फुटांवर. हे आठवत नसेल तर बोअर घेताना तिथे हजर असलेल्या माणसाला विचारा. आमच्याकडे १७२चा आकडा कुणीच लिहून ठेवला नव्हता, तो फक्त सासूबाईंच्या लक्षात होता.